सात पट्ट्या

झाव्होलिन
रविवार, 'तेरूमा' पाठाचा आठवडा

फैवलदादा,

हे पत्र तू उघडलंस म्हणजे माझं अर्धं काम झालं. आईची पत्रं तू उघडतोस की नाही ते तिला माहीत नाही, आणि आता ती विचारतही नाही. पाकिटावर मी माझं नाव घातलं नाही. नऊ वर्षांत माझं अक्षर इतकं बदललंय की तुला ते परक्याचं वाटेल, आणि परक्याचं पत्र माणूस उघडतो.

मी ब्लुमा. तू गेलास तेव्हा अकरा वर्षांची होते, आता वीस आहे. क्राकोला दोन वर्षं शिकून मुलींना शिकवण्याचं प्रमाणपत्र घेऊन आले. असा शिक्क्याचा कागद आपल्या घरात याआधी कोणी आणला नव्हता. आईनं तो काचेत बसवून मेणबत्त्यांच्या कपाटात ठेवलाय. बाबा त्याच्याकडे बघत नाहीत, पण पाहुणा आला की त्याला नेमकं अशा खुर्चीवर बसवतात जिथून तो कागद दिसेल. चांभार योसेलच्या मागच्या खोलीत माझ्याकडे बावीस मुली येतात. विहिरीवर बायका मला ऐकवतात, "काय गं मास्तरीण, आमची पोर आता लाकूड वाचल्याशिवाय चुलीत घालत नाही!" मी हसते. त्यांच्याच पोरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.

घरी ये म्हणायला हे पत्र लिहीत नाही. मला एकच गोष्ट हवी आहे.

झाव्होलिनचं पुस्तक पुन्हा छापलं जातंय. पहिल्या छपाईच्या प्रती तुला माहीत आहेत. पानापानावर मेणाचे थेंब आणि द्राक्षरसाचे डाग. घराघरात दर शुक्रवारी तोराच्या त्या आठवड्याच्या पाठावरचं आपल्या गुरूंचं, रेब्बेंचं प्रवचन उघडून मोठ्यानं वाचायचं, मगच सूप वाढायचं. आता नुसेनकाकांनी छपाईसाठी मंडळ केलंय. बाबा सांगतात, मी स्वच्छ प्रत करते. मुलीच्या हातानं लिहिलेलं चालेल का म्हणून चर्चा झाली होती. नुसेनकाका म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं आहे, आणि कुठे तिचं नाव छापायचंय!" तिथे विषय मिटला.

परवा वर्गात सुरे नावाच्या मुलीनं विचारलं, "शनिवारी शब्बाथला कामच करायचं नाही, लेखणीही धरायची नाही, आणि रेब्बे तर शब्बाथलाच बोलायचे. मग पुस्तक लिहिलं कुणी?" मी तिला बाबांबद्दल सांगितलं. शुक्रवारी दुपारी कागदाच्या पट्ट्या कापून ठेवणारे बाबा. रेब्बे बोलू लागले की मांडीवरच्या तोराग्रंथात एकेका मुद्द्याला एकेक पट्टी सरकवणारे बाबा. पाण्याचं बोलणं निघालं की पट्टी हागारच्या विहिरीपाशी, भाऊबंदकीचं निघालं की योसेफच्या अंगरख्यापाशी. आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपला की एकेक पट्टी उघडायची आणि सगळं प्रवचन शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं. सुरे म्हणाली, "म्हणजे सुताची गुंडी उलगडल्यासारखं." तिला मी सांगितलं की गाव बाबांना बेरिश एकपाठी म्हणतं. एक प्रवचन मात्र हरवलंय, हे मी तिला सांगितलं नाही.

'वायक्हेल'चं. प्रत्येक पाठाखाली प्रवचन आहे, त्या एका पाठाखाली कोरी जागा. रेब्बेंच्या वडिलांचं निधन त्या आठवड्यातलं, म्हणून ते दरवर्षी त्या शब्बाथला गप्प बसायचे. आयुष्यात एकदाच बोलले, आणि तो त्यांचा शेवटचा शब्बाथ ठरला. तू बाबांच्या उजव्या हाताला उभा होतास. पुढचा एकपाठी तूच होणार होतास. दादा, तुला त्यातलं काही आठवतं का? त्या दिवशीच्या सात पट्ट्यांतला एक मुद्दा, अर्धा मुद्दा, एखादा शब्दसुद्धा चालेल. 'वायक्हेल'च्या आठवड्यातल्या गुरुवारी नुसेनकाका कागदांची चळत घेऊन प्येत्रकूवच्या छापखान्यात जाणार आहेत.

पट्ट्यांचं जे झालं ते कुणी केलं, हे मी विचारत नाही. त्याला आता काय अर्थ आहे?

तुझी
ब्लुमा


झाव्होलिन
गुरुवार, 'तेत्सावे' पाठाचा आठवडा

दादा,

अकरा दिवस झाले. लॉड्झहून टपाल तीन दिवसांत येतं, मी पोस्टात विचारून घेतलं. तुझ्या मोज्यांच्या कारखान्यात सुट्टी कधी असते मला माहीत नाही. तुला वेळ झाला नसेल. किंवा पत्ता बदलला असेल. किंवा अक्षर ओळखलं असशील.

इथे एक भलतंच होऊन बसलंय, आणि त्याची भीती वाटते.

बाबांनी 'वायक्हेल'चं प्रवचन सांगायला घेतलंय. मंडळानं गळच घातली. बाबांनी वरच्या फळीवरचा ग्रंथ काढला. त्या सात पट्ट्या अजून त्यात आहेत, जिथे त्यांना त्या वर्षी वल्हांडणाच्या सणानंतर सापडल्या होत्या तिथेच. नऊ वर्षांत त्यांनी त्या हलवल्या नाहीत. एकेक पट्टी उघडतात, ते पान वाचतात, डोळे मिटून बसतात. पहिली पट्टी नोहाच्या वंशावळीत आहे. दुसरी याकोबाच्या मेंढ्यांपाशी. एक कोडाच्या नियमांत, एक लावे पक्ष्यांपाशी. यातून प्रवचन कसं निघणार, सांग? पण बाबांनी काढलं. आठ दिवस धडपडून त्यांनी नोहाच्या नातवंडांपासून लाव्यांपर्यंत पूल बांधला. मी लिहून घेतलं.

नुसेनकाकांनी मान डोलावून ऐकलं आणि म्हणाले, "बेरिश, मला एक अक्षर कळलं नाही. म्हणजे फार खोल असणार!"

बाबा हसले नाहीत. काका गेल्यावर म्हणाले, "रेब्बे असं बोलत नसत, ब्लुमा. त्यांचं बोलणं म्हणजे रस्ता. यात नुसत्या सात उड्या आहेत." मग कपाळावर मूठ मारून घेतली. "हा माठ पाझरतोय. कोण जाणे, पट्ट्या जागेवरच असतील आणि मलाच आठवत नसेल. हा माठ नऊ वर्षं पाझरतोय." आता ते रोज असं करतात. जेवताना मीठ मागायला विसरले तरी मूठ कपाळावर जाते. आई त्यांचा हात धरते.

काल एक गोष्ट झाली. बाबांनी ग्रंथ उभा धरून मला पट्ट्यांची वरची टोकं दाखवली. "बघ," ते म्हणाले. "बोटभर, बोटभर, बोटभर. सातांत सारखं अंतर. रागात कुणी पट्ट्या उपटल्या असत्या तर अशा लावल्या असत्या का? ज्यानं केलं त्यानं शांत डोक्यानं, सवडीनं केलं. फैवल थंड डोक्याचाच होता." एवढं बोलून थांबले. तुझं नाव घेऊन त्यांना किती वर्षं झाली होती! आई दाराशी होती, तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

माझ्या हातून शाई सांडली. पूर्ण पान खराब झालं, पुन्हा लिहावं लागलं.

दादा, तू एक ओळ लिही. तुला काहीही आठवलं तर हे दुसरं प्रवचन आपोआप मागे पडेल, कुणाला काही सांगावं लागणार नाही. मी नीट विचार केलाय. सगळ्यांसाठी हाच मार्ग बरा आहे.

तुझी
ब्लुमा


झाव्होलिन
पुरीमचा दुसरा दिवस, 'की तिसा' पाठाचा आठवडा

दादा,

तुझं कार्ड काल आलं. पुरीमच्या सणाचा गोंधळ चालला होता, गल्लीत पोरं खुळखुळे फिरवत होती, पोस्टमननं सोंग घेतलेल्या कुणाच्या तरी हातात ते दिलं आणि राणी एस्तेरच्या कागदी मुकुटातल्या मुलानं ते मला आणून दिलं. मी खसखशीच्या करंज्या तळता तळता तशाच टाकून अंगणात गेले.

"त्या पट्ट्यांना मी हात लावला नव्हता. याहून जास्त मला काही आठवत नाही. फैवल."

दोन वाक्यं. मी प्रवचन मागितलं, आणि तू हे पाठवलंस. नऊ वर्षं तू हेच एक वाक्य तोंडात धरून बसला होतास का?

मला माहीत आहे तू हात लावला नव्हतास. दादा, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आता लिहून टाकते, नाहीतर लिहिणार नाही.

त्या वर्षी रेब्बे शब्बाथ संपता संपता कोसळले, मंगळवारी गेले. बाबांनी त्यांच्या उशाशी बसून काढलेल्या त्या दिवसांत काही लिहिलं नाही, आणि मग तीस दिवस लेखणी धरायची नाही असं ठरवलं. 'पट्ट्या आहेत, त्या कुठे जात नाहीत,' म्हणाले आणि ग्रंथ फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. मधे वल्हांडणाची साफसफाई आली. आईनं मला पुस्तकांचं काम दिलं. प्रत्येक पुस्तक अंगणात न्यायचं, पालथं धरायचं, पानं सोडून झटकायचं, म्हणजे जेवताना वाचलेल्यांतून खमिराच्या भाकरीचा कण राहिला असेल तर पडेल. आई म्हणाली होती, वरच्या फळीवरच्याला हात लावू नकोस.

तुला आठवतं, मी कशी होते? सगळी पुस्तकं झाली, आणि मला वाटायला लागलं की त्या एकात कण असला तर? सणाचे आठ दिवस घरात निषिद्ध खमीर राहील आणि त्याचं पाप माझ्या कामाला लागेल. रेब्बे नुकतेच गेलेले. मला चांगलं व्हायचं होतं, दादा. इतकं चांगलं की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. स्टुलावर चढून मी ग्रंथ काढला, अंगणात नेला आणि झटकला.

कण एकही पडला नाही. सात पट्ट्या पडल्या.

मी त्या परत घातल्या. कुठे होत्या ते माहीत नव्हतं, म्हणून नीट घातल्या. बोटभर, बोटभर. ज्या तऱ्हेनं मी टेबलावर चमचे मांडायची.

वल्हांडणानंतर बाबांनी ग्रंथ उघडला तेव्हा मी ताटं पुसत होते. बाबा तुला म्हणाले, "या घरात रेब्बेंच्या शब्दाची थट्टा करणारे हात एकाचेच आहेत." तुझ्या गादीखाली त्या हिवाळ्यात वॉर्सॉची धर्म न मानणारी वर्तमानपत्रं सापडली होती, एवढंच तुझं पाप. तू म्हणालास, "मी लावला नाही हात." बाबा म्हणाले, "मग पट्ट्या काय पाय फुटून चालत गेल्या?" सात-आठ माणसं बसली होती. मी तेच ताट पुसत राहिले. तू टोपी घेतलीस. मला वाटलं तू हौदापर्यंत जाशील आणि परत येशील, मग मी सांगेन.

क्राकोला आमच्या बाई सांगायच्या, ज्या ओळीचा उगम तुम्हाला माहीत नाही ती ओळ मुलींना शिकवू नका. मी वहीत लिहून घेतलं. त्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

तू आता बाबांना लिहू शकतोस. लिहिलंस तर माझी शाळा संपेल, मास्तरीण संपेल. तुझा तेवढा हक्क आहे. मी 'लिही' म्हणत नाही आणि 'लिहू नकोस'ही म्हणत नाही.

ब्लुमा


झाव्होलिन
शुक्रवार, 'की तिसा' पाठाचा आठवडा

दादा,

अजून सांगितलं नाही.

बुधवारी सांगणार होते. बाबा खुर्चीवर बसून चष्मा पुसत होते, आई बाहेर होती, याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हटलं, "बाबा, पट्ट्यांचं एक..." ते म्हणाले, "पट्ट्यांचं झालं ते झालं. छापून होऊ दे, मग मी डोळे मिटायला मोकळा." मी म्हटलं, "चहा देऊ का?"

काल तर आणखीच घसरले. नुसेनकाकांची बायको झेल्डाकाकू आली होती. तिच्या शेजारणीचा मुलगा तापानं गेला, मागच्या महिन्यात. झेल्डाकाकू सांगत होती, "बेरिशभावजींचं नवीन प्रवचन मी तिला सांगितलं, ते लाव्यांचं. की पक्षी दमून जिथे पडतो तिथेच कुणाचं तरी पोट भरतं. तर बाई, महिन्यात पहिल्यांदा ती जेवली." ऐकून मी दोन तास स्वतःला समजावत होते. कुणाचं नुकसान होतंय? शब्द बरे आहेत, बाबांचेच आहेत, एक आई जेवली. मग कळलं, हे मी त्या आईसाठी बोलतच नाहीये. ती लाव्यांची ओळ बाबांच्या नावानं छापा, मी दहा प्रती वाटीन. ती रेब्बेंच्या तोंडी घालून नातवंडांना वाचायला द्यायची, आणि तिच्या प्रत्येक छपाईबरोबर तुला पुन्हा घराबाहेर घालवायचं, हे कसं जमायचं?

आणि मुलींचं काय करू? आज सुरेनं विचारलं, "मास्तरीणबाई, खोटं बोललं पण कुणाला कळलंच नाही, तर ते कुठे जातं?" पोर सहज विचारते. मी तिला म्हटलं, फळा पूस.

तुझ्या कार्डाची वाट बघते आणि येऊ नये असंही वाटतं. नुसेनकाका गुरुवारी निघतात. मधे रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. शब्बाथच्या मेणबत्त्या लावायची वेळ होतेय, थांबते.

ब्लुमा


झाव्होलिन
सोमवार, 'वायक्हेल' पाठाचा आठवडा

दादा,

सांगितलं.

काल सकाळी. आई बटाटे सोलत होती, बाबा शेवटची पानं ताडून बघत होते. मी ग्रंथ उचलला, त्यांच्यासमोर पालथा धरला, पानं सोडली आणि झटकला. दुसरं कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. पट्ट्या टेबलावर पडल्या. एक बाबांच्या दाढीवर अडकली.

बाबा ओरडले, "अगं वेडी झालीस का!"

मी म्हटलं, "बाबा, त्या वर्षी मी असंच केलं होतं. वल्हांडणाला. आईनं नको म्हटलं होतं. फैवलदादानं हातसुद्धा लावला नव्हता. बोटभर अंतर माझं आहे."

मला वाटलं ते मारतील, किंवा कपाळावर मूठ मारून घेतील. त्यांनी दाढीवरची पट्टी काढली, चष्म्याजवळ नेऊन पाहिली, टेबलावर ठेवली. मग त्यांनी दोन्ही तळहात डोक्यावर ठेवले, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसे.

"म्हणजे माठ फुटका नाही," ते म्हणाले. आणि मग रडले. आनंदानं नाही, दादा. माठ फुटका नाही म्हटल्यावर तुला घालवल्याचा दोष ठेवायला स्वतःशिवाय दुसरी जागाच उरली नाही.

मी म्हटलं, "मला काय शिक्षा ती द्या. पण ते प्रवचन छापू नका."

तेवढ्यात आई म्हणाली, "ते आरशांबद्दल बोलले होते."

बाबांनी मान वळवली. "कोण?"

"रेब्बे. त्या शब्बाथला. दुसरं कोण?" आईनं पुढचा बटाटा घेतला. "बायकांनी आपले आरसे देऊन टाकले, त्याचं गंगाळ केलं, याजकांनी हातपाय धुवायला. ते 'वायक्हेल'मध्येच येतं ना? रेब्बे म्हणाले, दुसरं तांबं काय मिळत नव्हतं? पण धुवायला वाकणाऱ्याला आधी आपलं तोंड दिसावं, म्हणून ते आरशांचं."

"तुला कसं माहीत?"

"बायकांच्या पडद्याआड उभी होते. कान काय घरी ठेवून गेले होते?"

"आणि नऊ वर्षं बोलली नाहीस!"

"मला कुणी विचारलं?" आई म्हणाली. "नुसेनच्या मंडळानं विचारलं? का तुम्ही? का हिनं, दोन वर्षं क्राकोला शिकून आलेल्या हिनं?"

दादा, मी तुला लॉड्झला दोनदा विचारलं. आई माझ्यापासून चार हातांवर होती.

"पुढचं?" बाबांनी विचारलं. "गंगाळाच्या पुढचं?"

"पुढचं नाही आठवत. पुढे शेजारी उभ्या गोल्डाचं बाळ रडायला लागलं, मी त्याला घेतलं."

बाबांनी तोराग्रंथ उघडला, ते वचन काढलं आणि एक पट्टी तिथे ठेवली. बोट तसंच ठेवून बसून राहिले. ते पान त्यांना वाचायचं नव्हतं, पाठच आहे. ते नुसतं बघत होते.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "तू अकरा वर्षांची होतीस. मुलीला बारावं लागेपर्यंत तिचं काही तिच्यावर नाही. पट्ट्या पडल्या त्यात तुझा दोष नाही. बाराव्या वाढदिवसानंतरची आठ वर्षं मात्र तुझी आहेत. ती मी माफ करू शकत नाही, ती माझी नाहीत. ती फैवलकडे मागायची."

म्हणून मागते. चांगले शब्द शोधले, सापडले नाहीत. मी गप्प बसले आणि तू गेलास. मला माफ कर, आणि करता येत नसेल तर तसं लिही. पण लिही.

ब्लुमा


झाव्होलिन
रविवार, 'वायिक्रा' पाठाचा आठवडा

फैवलदादा,

नुसेनकाका गुरुवारी गेले. जाण्याआधी आपल्या घरात जे भांडण झालं ते योसेल चांभाराला दुकानात बसून ऐकू आलं.

झालं असं की लाव्यांचं प्रवचन बाबांनी स्वतःच्या हातानं काढून घेतलं आणि त्याऐवजी एक पान दिलं. मला सांगितलं, लिही. वर 'वायक्हेल'. त्याखाली गंगाळाचं वाक्य, आणि पुढे, 'हे बेरिशची पत्नी गित्तल हिनं पडद्याआडून ऐकलं.' त्याखाली हे:

'बाकीचं प्रवचन बोललं गेलं, पण जपलं गेलं नाही. बेरिशनं कागदावर भरवसा ठेवला, आणि कागद हलले तेव्हा आपल्या मुलावर आळ घेऊन त्याला चारचौघांत घराबाहेर घालवलं. मुलगा निर्दोष होता. त्याचं नाव श्रगा फैवल. बाप त्याची माफी मागतो.'

मी म्हटलं, "कागद कुणी हलवले तेही घाला." बाबा म्हणाले, "एका पोरीनं घर स्वच्छ केलं, हे काय पुस्तकात लिहायचं असतं?"

नुसेनकाका लालबुंद झाले. "पवित्र पुस्तकात घरची धुणी? बेरिश, लोक हे दर वर्षी शुक्रवारी सुपाआधी वाचतील!"

"वाचू देत."

"नातवंडं वाचतील!"

"वाचू देत. ज्याला चारचौघांत घालवलं त्याची माफी चारचौघांतच मागायची असते. या पुस्तकाहून मोठे चारचौघं मला कुठून आणून देतोस?"

"आणि बाईमाणसाचं नाव?"

आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "नुसेनभावजी, प्रवासाला भाकरी बांधून देऊ का?" काकांनी पान चळतीत घातलं. वर ठेवलं नाही, बरोबर जागेवर घातलं. मी डोळ्यांनी पाहिलं.

गावात आता सगळ्यांना माहीत आहे. वर्गात आज सतरा मुली आल्या. पाच आल्या नाहीत. विहिरीवर कुणी मला मास्तरीण म्हटलं नाही, ते ऐकवणं मला इतकं आवडत होतं हे मला ठाऊक नव्हतं. सुरे आली होती. तिनं काही विचारलं नाही. मीच म्हटलं, त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर देते. ते कुठे जात नाही. घरातच राहतं, आणि जिच्याकडे असतं तिला रोज दिसतं.

बाबांनी गंगाळापाशी ठेवलेली पट्टीसुद्धा काढून घेतली. ती जागा आता पाठ झाली म्हणतात. सातही पट्ट्या या पाकिटात घातल्या आहेत. बाबांनी पाठवल्या. त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत: "फैवलला म्हणावं, त्याला जागा आठवल्या तर त्यानं येऊन घालाव्यात. नाही आठवल्या तर वल्हांडणाच्या आदल्या सकाळी खमीर जाळतात त्यात टाकायला येऊ दे. नाहीच आला तर तिथे जाळ म्हणावं, पण त्याच्या हातानं." मग पाकीट मी बंद केल्यावर पुन्हा उघडायला लावलं आणि म्हणाले, "लिही की ग्रंथ फळीवर नाही, टेबलावर आहे." याचा अर्थ काय ते तू समज. मी जसं ऐकलं तसं लिहिलं.

तुझं उत्तर नाही. मी रोज पोस्टात जाते. पोस्टमास्तर मला बघून लांबूनच मान हलवतो. माफीचं तू काही लिहिलं नाहीस, आणि तू घाई करावीस असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण वल्हांडणाला अठरा दिवस राहिले आहेत, आणि आई खुर्च्या मोजताना दर वेळी थांबते.

आज पुस्तकांचं काम होतं. या वर्षीही ते मीच केलं, आईनं कुणा दुसऱ्याला देते म्हटलं, मी नको म्हटलं. सगळी अंगणात नेली, एकेक पालथं धरून झटकलं. प्रार्थनेच्या पुस्तकातून भाकरीचा एक कण पडला, आईच्या स्वयंपाकाच्या वहीतून पीठ. शेवटी बाबांचा ग्रंथ घेतला. बाबा खिडकीत उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली.

दोनदा झटकला. त्यातून काही पडलं नाही.

ब्लुमा